मुक्कामी गाडी आणि न पाहिलेले शेवट

आम्ही नवराबायकोनं मिळून शेकड्यानं पिक्चर पाहिले असतील, पण एकाचाही शेवट पाहिलेला नव्हता. हे कोणाला सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, काऊन? कारण साधं आहे. गाडी.

लग्न झालं तेव्हा आम्ही रोहण्याला राहत होतो. मी तिथल्या प्राथमिक शाळेत मास्तरीण, हे आर्वीच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर. पिक्चर पाहायचा तर आर्वीला जावं लागे. संध्याकाळचा शो सुटायच्या अर्धा तास आधी रोहण्याची मुक्कामी गाडी स्टँडवरून निघायची. मुक्कामी म्हणजे रात्री गावातच थांबणारी आणि सकाळी तीच परत जाणारी. तिच्यामागं दुसरी गाडी नाही. ती चुकली की स्टँडवर डास मारत बसा. त्यामुळे पडद्यावर हिरोच्या आईला गुंडांनी खांबाला बांधलं, की हे माझ्या कोपराला बोट लावायचे आणि म्हणायचे, "चाल वं, गाडी सुटन."

मी उठायची. मागचे लोक ओरडायचे, अंधारात कोणाच्या तरी पायावर पाय पडायचा, आणि बाहेर आलं की आम्ही दोघं धावत सुटायचो. मी नव्या नवरीच्या साडीत, हे माझी चप्पल हातात घेऊन.

गाडीत बसलो, दम जरा खाली बसला, की हे विचारायचे, "सांग, काय झालं असन?"

ह्यांचा स्वतःचा शेवट ठरलेला. सगळे घरी जातात. व्हिलनला अक्कल येते, आई खांबावरून सुटते, हरवलेला भाऊ सापडतो आणि सगळे पंगतीला बसतात. पंगतीत काय वाढलं तेही सांगायचे. रोडगे, म्हणजे गोवऱ्यांच्या विस्तवात पंगतीसाठी भाजायचे कणकेचे जाड गोळे, आणि वांग्याची भाजी. दर पिक्चरच्या शेवटी रोडगे. पिक्चर मुंबईतला असो नाहीतर काश्मीरमधला, हिरोची आई चुलीत रोडगे भाजत बसलेली.

मला संताप यायचा. दोन तास आमचा जीव टांगणीला लावायचा आणि शेवटी रोडगे? माझ्या शेवटात कोणीतरी मरायचंच. आई मरायची, नाहीतर हिरो. फारच राग आला असेल तर दोघं. शिवाय मी कारणं द्यायची. एवढ्या गोळ्या लागल्यावर माणूस जगतो कसा, रक्त कोण देणार, दवाखाना किती लांब. हे कपाळाला हात लावायचे. "तू तं जल्लाद हायेस. तुह्या शाळेतले पोट्टे वर्षभर जगतात कसे?"

एकदा ह्यांच्या जिनिंगमधल्या कोणीतरी खरा शेवट सांगितला आणि ह्यांनी तो घरी येऊन मला सांगितला. मी दोन दिवस बोलली नाही. मेहनत करून आपण शेवट जमवायचा आणि कोणी फुकटात खरा आणून द्यायचा, हे मला चालणारं नव्हतं. तेव्हापासून आमच्या घरात खरा शेवट विचारायचा नाही असं ठरलं.

पुढे ह्यांना हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये जास्त बरं काम मिळालं, माझीही तिकडे बदली झाली. तिथे टॉकीज घरापासून पायी जाण्यासारखी. पहिल्याच पिक्चरला ह्यांनी वेळ झाली तसं कोपराला बोट लावलं, मी उठली, लोकांच्या शिव्या खात आम्ही बाहेर आलो आणि रस्त्यावर अर्ध्यात आल्यावर मला आठवलं. "काहो, आपण कोणती गाडी पकडून राह्यलो?" हे थांबले. पानठेल्यासमोर उभे राहून आम्ही दोघं येड्यासारखे हसलो. मग ह्यांनी तिथे खर्रा घोटून घेतला, सुपारी, तंबाखू आणि चुना, प्लास्टिकच्या पन्नीत, आणि आम्ही घरी जाईपर्यंत आपापले शेवट सांगितले. परत टॉकीजमध्ये जावं असं दोघांच्याही मनात आलं नाही. मग तसंच चालू राहिलं. पोरगा झाला, टीव्ही आला, केबल आली, तरी आमचा पिक्चर शेवटाच्या आधी बंद व्हायचा. पोरगा रडायचा. तो शेवट शेजारी जाऊन पाहून यायचा आणि आमच्यासमोर तोंड बंद ठेवून बसायचा.

दोघं रिटायर झालो तेव्हा पोरानं पुण्याहून येऊन भिंतभर टीव्ही लावून दिला. त्यात सगळं जग. मग काय, आम्ही दुपारी जेवणं आटोपली की बसायचो. पाहायचं कमी आणि बोलायचं जास्त. पोरगा म्हणायचा, तुम्ही दोघं पिक्चर पाहत नाही, पिक्चरची चौकशी करता.

ह्यांचं सगळं लक्ष यंत्रांवर. दक्षिणेकडचा एक डब केलेला पिक्चर होता, त्यात हिरो एका हातानं ट्रॅक्टर अडवतो. हिरोचं काहीच वाटलं नाही ह्यांना, ते ट्रॅक्टरवर चिडले. "गेअरमध्ये हाये का न्यूट्रल हाये ते तं दाखवा." एका पिक्चरमध्ये हिरोईन लिव्हर ओढते आणि बंद पडलेली अख्खी गिरणी सुरू होते. ते पाहून हे खुर्चीवरून उठले. "पट्टा कुठं हाये? पट्ट्याशिवाय काय हवेवर चालते का मशीन?" आणि मला दहा मिनिटं पट्टा कसा चढवतात ते सांगितलं. मला ते तीस वर्षांपासून माहीत होतं.

मी माणसांवर चिडायची. पोलिसांची एक सिरियल होती, तिच्यात शिव्या एवढ्या की मी आवाज बंद करून पाहिली, आणि खरं सांगते, काही अडलं नाही. सासूसुनांच्या मालिकेतली सून रात्री दागिने घालून झोपते आणि सकाळी तिचं कुंकूही हललेलं नसतं. मी म्हणायची, या बाईले एक महिना माह्या शाळेत खिचडीच्या ड्युटीवर पाठवा. आमच्या भागातल्या खेड्यावरचा म्हणून एक पिक्चर मोठ्या आशेनं लावला, तर त्यातला प्रत्येक माणूस दर वाक्यात 'बे' म्हणतो. पाटीलही बे, पुजारीही बे. वऱ्हाडी बोलायचं म्हणजे वाक्याच्या मागं 'बे' लावायचं, एवढंच त्या दिग्दर्शकाला कोणीतरी शिकवलेलं. तो आम्ही पंधरा मिनिटांत बंद केला. त्याला शेवट देण्याइतकीही त्याची लायकी नव्हती.

हे दिवस चांगले होते. तेव्हा कळलं नाही, नंतर कळलं.

ह्यांनी जेवणात तिखट कमी मागायला सुरुवात केली तेव्हाच मला समजायला हवं होतं, असं आता लोक म्हणतात. म्हणू द्या. ज्या माणसानं जन्मभर ठेच्याशिवाय भाकर मोडली नाही तो म्हणाला, आताशा झोंबते, तर मी म्हटलं, वय झालं. तोंड पुरतं उघडेना झालं तेव्हा मी बॅटरी घेऊन पाहिलं. गालाच्या आत, जिभेच्या कडेला, पांढरी चामडी आणि मध्ये खड्डा. ज्या बाजूला खर्रा ठेवायचे तीच बाजू. ह्यांनी खिशातली पन्नी काढली आणि चुलीच्या राखेत टाकावी तशी कचऱ्याच्या डब्यात टाकली. तीस वर्षांत मी ज्यासाठी भांडभांड भांडली ते ह्यांनी एका मिनिटात केलं, आणि ते काही कामाचं नव्हतं.

मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. एका बाजूचा जबडा काढला, जिभेचा तुकडा काढला, छातीचं मांस काढून गालाला लावलं. नाकातून नळी. शुद्धीवर आले तेव्हा ह्यांनी काहीतरी म्हटलं आणि नर्स माझ्याकडे पाहायला लागली. मला समजलं होतं. 'च्या' म्हणत होते, चहा. पहिलीच्या पोरांचं बोबडं ऐकण्यात माझी नोकरी गेली, त्याचा हा उपयोग झाला. पोराला ह्यांचं बोलणं समजेना, तो मोबाईलवर लिहून दाखवा म्हणायचा. हे मोबाईल बाजूला सारायचे आणि माझ्याकडे पाहायचे. मी सांगायची.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण बोलणं रोखठोक. जखम भरली की शेक द्यायचे, म्हणाल्या. मशीनचे शेक, म्हणजे रेडिएशन, रोज, दीड महिना, मध्ये खंड नाही. ते वेळेवर घेतले तर चांगली आशा आहे. नाही घेतले तर ही गोष्ट परत येईल, आणि आली तर आमच्या हातात फार काही राहणार नाही. ह्यांनी मान हलवली. मी दोनदा विचारलं, दोनदा हलवली. कॅलेंडरवर मी त्या तारखेला गोल केला आणि आम्ही घरी आलो.

घरी माझी कंबर मोडली. दर दोन तासांनी पेज शिजवायची, मिक्सरमधून काढायची, गाळायची, नळीतून घालायची, नळी धुवायची. टाके पुसायचे. पुसताना ह्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचं आणि मी ओरडायची, हलू नका. मी गोड बोलणारी बाई कधीच नव्हती आणि माणूस आजारी पडला म्हणून मला ते येणार होतं थोडंच.

त्याच दिवसांत एका दुपारी एक पिक्चर लावला. त्यातला माणूस फुफ्फुसाच्या आजारानं खाटेवर पडलेला. दोन तास तो खोकतो आणि दोन तास त्याची बायको पदरानं त्याचं तोंड पुसते. मध्ये मध्ये सतार वाजते. मी पेज गाळत होती, चाळणीत गुठळ्या राहत होत्या, आणि मला त्या पिक्चरचा भारी कंटाळा आला. मी म्हटलं, "अवो, किती ताणून राह्यले हे. हा माणूस इंटरव्हललेच मेला असता तं काय बिघडलं असतं? तो सुटला असता, बायको सुटली असती, अन् आपणबी सुटलो असतो."

असं मी शंभर पिक्चरबद्दल म्हटलेलं आहे. ह्यांनी म्हणायचं, जल्लाद हायेस, आणि रोडगे वाढायला घ्यायचे, हा आमचा नेम. त्या दिवशी ह्यांनी रिमोट घेऊन टीव्ही बंद केला आणि कुशीवर वळले. मला वाटलं, थकले. मी पेज नळीत घालायला गेली तर हातानंच म्हणाले, नको.

शेकाची तारीख आली. स्टँडवर सोडणारा ऑटोवाला दारात येऊन हॉर्न देत होता आणि हे बनियनवर, भिंतीकडे तोंड करून. मी शर्ट घेऊन उभी.

"उठा ना. उशीर होऊन राह्यला."

"नाई."

"काय नाई?"

"नाई जात."

बरं वाटत नसेल म्हणून मी ऑटो परत पाठवला. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी शर्ट अंगावर फेकला. पोरानं फोनवर हात जोडले. ह्यांनी ऐकून घेतलं आणि फोन मला परत दिला. कारण सांगेनात. भीती वाटते का, नाही. दुखते का, नाही. मग काऊन? भिंत. डॉक्टरीणबाईंचा फोन आला, एकेक दिवस महत्त्वाचा आहे हो मॅडम, त्यांना समजवा. जसं काही मी इकडे फुगड्या खेळत होती. शेजारच्या बाया येऊन समजावून गेल्या. रामराम घेतला त्यांचा आणि परत भिंत.

मी जेवण सोडलं. मूर्खपणाच होता, कारण ज्याला दाखवायचं तो स्वतःच जेवत नव्हता, नळीवर होता. दुसऱ्या दिवशी दुपारी हे उठले. नळी कानावर खोचली, स्वयंपाकघरात गेले, ताटात भात घेतला, वरण घातलं, लोणच्याची फोड ठेवली आणि ताट माझ्यासमोर आणून ठेवलं. मी जेवेपर्यंत समोर बसून राहिले. जेवण झालं, ताट उचललं आणि परत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपले. माझ्यावर एवढी माया आहे आणि तरी जगायला तयार नाही, हे काय आहे, मला उमगेना. मला ह्यांची गचांडी धरावीशी वाटत होती.

असा एक आठवडा गेला आणि दुसरा लागला. बोलून बोलून माझं तोंड दुखलं, तेव्हा मी काही न बोलता टीव्ही लावला. ती शिव्यांची पोलीस सिरियल, तिचा नवा भाग. एक इन्स्पेक्टर, एकटा राहणारा, बिनलग्नाचा, त्याला गोळी लागलेली आणि तो एका पडक्या गोडाऊनमध्ये लपलेला. हे पाहायला लागले. बरोबर वेळ झाली तसं ह्यांनी रिमोट घेतला आणि थांबवलं. आधी मी सांगायचं हा आमचा नेम. त्या दिवशी हे आधी बोलले. तुकड्या तुकड्यानं, थुंकी पुसत.

"मरते तो. बरं होते. बायको सुटते."

इतक्या वर्षांत ह्यांच्या शेवटात कोणी मेलं नव्हतं. आणि बायको कुठून आली? तो इन्स्पेक्टर तर कुवारा होता. आठ भाग झाले, त्याच्या घरात बाई म्हणून नव्हती. बायको सुटते. हे वाक्य कोणाचं होतं, कुठल्या दुपारचं होतं, ते मला तेव्हा आठवलं. चाळणी आठवली, गुठळ्या आठवल्या, ती सतार आठवली.

मला भयंकर राग आला. या माणसानं माझं जन्मभराचं पिक्चरवरचं बोलणं ऐकलं, हसला, कपाळाला हात लावला, आणि जीवावर बेतलं तेव्हा त्यातलं एक वाक्य उचलून स्वतःला लावून घेतलं. मला विचारलंसुद्धा नाही. माझ्यासाठी मरायला निघाला आणि मला कारणही सांगेना. 'मी पिक्चरबद्दल बोलली हो' असं सरळ म्हणायला पाहिजे होतं. नाही म्हणता आलं. सरळ बोलायची आम्हाला सवयच नव्हती. जे काय बोललो ते हिरोहिरोईनच्या डोक्यावर फोडून बोललो. म्हणून मी माझा शेवट सांगितला.

"नाई मरत," मी म्हटलं. "कसा मरन? त्याची बायको येते तिथं."

"कुवारा हाये तो," हे म्हणाले.

"मंग लगन लावा त्याचं. बायको हाये त्याले, लय तोंडाळ, मास्तरीण हाये. ते गोडाऊनमध्ये येते अन् म्हणते, तुमी मेले तं मी भांडू कोणाशी? ऑटो उभा हाये बाहेर, शर्ट घाला. हा मेला तं ते सुटत नाई. ते तं अडकते. पुरी अडकते, मरेस्तोवर." मी थांबली नाही. "मंग ते दवाखान्यात जातात. बरा होते तो. घरी येते."

हे मग अर्ध्या चेहऱ्यानं हसले, दुसरा अर्धा आता हसत नव्हता.

"रोडगे?" त्यांनी विचारलं.

"हो, रोडगे. वांग्याची भाजी."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळ करून बाहेर आली तर हे शर्ट घालून, बटणं लावून, दारातल्या खुर्चीवर बसलेले.

दीड महिना आम्ही दवाखान्याजवळच्या धर्मशाळेत काढला. शेकानं मान काळी पडली, मग सालपटं निघाली. तोंडात फोड आले, थुंकी गिळता येईना. हे सगळं ह्यांनी माझ्यासाठी सोसलं, मी तो शेवट सांगितला म्हणून. एकही दिवस चुकवला नाही. संपले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी शाबासकी दिली. आम्ही घरी आलो, नळी निघाली, हे पातळ पातळ पिऊ लागले. मी खरोखर रोडगे केले. ह्यांनी एक दुधात कुस्करून, चमच्यानं, तासभर लावून खाल्ला.

चार महिन्यांनी मानेच्या दुसऱ्या बाजूला गाठ आली.

मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, ते जे दिवस वाया गेले, त्यानं झालं का? त्या म्हणाल्या, असं सांगता येत नाही. चांगली बाई, खोटंही बोलली नाही आणि खरंही नाही. ते दिवस माझ्या मनातून जात नाहीत. मी काही चुकली असं मी म्हणणार नाही, मी जे बोलली ते एका रटाळ पिक्चरबद्दल बोलली आणि तो पिक्चर रटाळच होता. पण रात्रंदिवस आत काहीतरी कुरतडतं, ते काय म्हणायचं ते म्हणा. राग सगळ्यांचा येतो. त्या सतारवाल्याचा येतो, पानठेलेवाल्याचा येतो, ह्यांचा तर फार येतो.

आता शेक नव्हते, ऑपरेशन नव्हतं. दुखण्याचं औषध आणि घर. खाट मी टीव्हीसमोर ओढली. शेवटी शेवटी ह्यांचं बोलणं माझ्यासाठीही अवघड झालं, ओठांकडे पाहावं लागे.

एका दुपारी एक पिक्चर लावला होता. म्हातारा ट्रकवाला, त्याची शेवटची फेरी, घाटात दरड कोसळून ट्रक अडकलेला. बरा होता पिक्चर. ट्रकचं इंजिन त्यांनी नीट दाखवलं होतं, ह्यांनी दोनदा मान डोलावली. शेवट जवळ आला तसं ह्यांनी बोट उचललं. मी थांबवलं.

"सांग," हे म्हणाले.

मी म्हटलं, "दरड बाजूले करतात. ट्रक निंघते. तो घरी पोचते, बायकोनं रोडगे..."

ह्यांनी हात हलवला. "नाई. तुह्यावाला."

मी रिमोट खाली ठेवला. घाई नव्हती त्यांना.

"मरते तो," मी म्हटलं.

"कुठं?"

"घाटात नाई. घरी पोचते, मंग. आपल्या खाटेवर. दुपारची वेळ असते. बायको जवळ बसून राह्यते. तिनं गॅसवर दूध ठेवलं असते, ते उतू जाऊन राह्यलं हे तिले समजते, तरी ते उठत नाई."

"दुखते?"

"नाई दुखत. तिनं औषध देलं असते."

ह्यांनी डोळे मिटले. पटलं असावं, कारण कपाळाला हात नाही लावला. मला वाटलं झोप लागली. मी आवाज न करता उठायला लागली तर ह्यांनी डोळे उघडले.

"अन् ते?"

"कोण?"

"बायको."

माझ्या शेवटात मागं राहिलेल्याचं काय होतं हे मी कधी सांगितलंच नव्हतं. कोणीतरी मेलं की माझा पिक्चर संपायचा. मी म्हटलं, "तिचं मले नाई माईत."

"मंग मी सांगतो."

पुष्कळ वेळ लागला त्यांना. एकेक शब्द बोलायचे, मग दम घ्यायचे, मी थुंकी पुसायची. "ते... टीव्ही लावते. पुरा पिक्चर पायते. कोणी उठवत नाई तिले."

काहीतरी विचारायचं म्हणून मी विचारलं, "अन् जेवाले काय?"

"रोडगे."

"एकटीपुरते कोणी रोडगे लावते का?"

त्यांनी विचार केला. "शेजारी दे," म्हणाले.

त्यानंतर फार दिवस नाही राहिले. आणि सांगते, माझा शेवट चुकला. दुपार नव्हती, सकाळ होती, नळ आले होते आणि मी बाहेर पाण्याचे हंडे-गुंड भरत होती. बायकांशी पाण्यावरून दोन शब्द झाले, त्यात वेळ गेला. आत आली तेव्हा हे गेलेले होते. जवळ कोणी नव्हतं. दूध फ्रिजमध्ये होतं.

तेरवी झाली, पोरगा दोन आठवडे राहून गेला, घर मोकळं झालं. मग एका दुपारी मी टीव्ही लावला तर तो ट्रकवाल्याचा पिक्चर जिथे आम्ही थांबवला होता तिथेच उभा होता. पुढे पाहायचं का, असं टीव्हीच विचारत होता. मी बटण दाबलं.

पुढे काही विशेष नाही. दरड तशीच राहते. म्हातारा ट्रकमधून उतरतो, एका दगडावर बसतो, बिडी पेटवतो, आणि एक गाणं सुरू होतं. तो घरी पोचला की मेला, काहीच सांगत नाहीत. मी मोठ्यानं म्हटलं, "काहो, ह्याच्यासाठी पैसे घेतात का हे लोक?" आणि उत्तराची वाट पाहिली.

मग काळ्या पडद्यावर नावं यायला लागली. कपडे कोणाचे, चहा कोणाचा, ट्रक कोणाचा, शेकडो माणसांची नावं. पिक्चर संपल्यावर एवढी नावं येतात हे मला साठी उलटेपर्यंत माहीत नव्हतं. मी ती सगळी वाचली. शेवटचं नाव वर जाईपर्यंत मी खुर्चीवर बसून होती, आणि माझ्या कोपराला कोणी बोट लावलं नाही.